दान कुणाचं, दार कुणाचं

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनाला लागूनच एक जुनी दगडी इमारत आहे. मधोमध चौक आणि चारी बाजूंनी कमानींचे सोपे, आपल्या चौसोपी वाड्यासारखी. आज तिथे आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं मुख्य कार्यालय आहे. तीनशे वर्षांपूर्वी तिचं बांधकाम चालू होतं तेव्हा गावभर एक वावडी पसरली होती. ही इमारत बांधून घेणाऱ्या बाईचं तोंड म्हणे डुकरिणीचं आहे.

बाईचं नाव ग्रिझेल स्टीव्हन्स. तिचा जुळा भाऊ रिचर्ड डब्लिनमधला नावाजलेला डॉक्टर होता. १७१० साली तो वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की इस्टेटीचं उत्पन्न बहिणीला तिच्या हयातीपर्यंत मिळावं आणि तिच्या पश्चात त्यातून गरिबांसाठी इस्पितळ उभारावं. उत्पन्न वर्षाला सुमारे ६०० पाउंड, म्हणजे त्या काळात बाईने आयुष्यभर थाटात राहावं इतकं. ग्रिझेलने मात्र आपल्या मरणाची वाट पाहिली नाही. उत्पन्नातला मोठा वाटा तिने बांधकामाला दिला, विश्वस्त नेमले आणि बदल्यात एकच मागणी ठेवली, की इस्पितळातच आपल्याला राहायला जागा हवी. १७३३ मध्ये डॉक्टर स्टीव्हन्स इस्पितळ सुरू झालं आणि ती मरेपर्यंत तिथेच राहिली.

तिला डोळ्यांचा त्रास होता, म्हणून ती तोंडावर जाळीचा पडदा घेऊन फिरायची. लोकांना एवढं पुरलं. ग्रिझेलच्या आईला दिवस गेले होते तेव्हा दारात एक भिकारीण आली, तिच्यामागे पोरांचं लेंढार. आई खेकसली, ‘ही डुकराची पिलं घेऊन चालती हो’. भिकारणीने शाप दिला आणि पोटची मुलगी तशीच जन्मली, अशी कथा तयार झाली. ही मुलगी चांदीच्या डोणीत जेवते, अशी पुरवणीही तिला जोडली गेली. शेवटी बिचारी ग्रिझेल म्हणे इस्पितळाच्या सज्जात तोंड उघडं टाकून बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याने नीट बघून घ्यावं म्हणून. तरीही ती कथा तिच्यानंतर कितीतरी वर्षं टिकली.

मला ही गोष्ट नुसती गमतीची वाटत नाही. कुणी एवढं देतं आहे म्हणजे त्यामागे काहीतरी फेडायचं असणार, हे लोकांनी गृहीतच धरलं होतं. आणि दारातून भिकाऱ्याला हाकललं तर शाप लागतो, ही समजूत इथल्या, म्हणजे आयर्लंडच्या, खेड्यापाड्यांत अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होती. तिची मुळं खूप जुनी आहेत. इंग्रजांच्या आधीच्या गेलिक कायद्यात ब्रिउगू नावाचा एक मानकरी असे. त्याचं घर रस्त्यावर असावं, चुलीवरची कढई कधी रिकामी पडू नये आणि कुठल्याही चेहऱ्याला त्याने नाही म्हणू नये, या अटी पाळल्या तर त्याला मोठा सामाजिक दर्जा मिळे. पुढे हे काम मठांनी उचललं. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, त्यांच्याबरोबर त्यांची इस्पितळंही गेली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं डब्लिनच्या गरिबाला, सैनिकांसाठी बांधलेली जागा सोडली तर, आजारी पडून पडायला हक्काची खाट नव्हती.

१७१८ मध्ये सहा शल्यवैद्यांनी कुक स्ट्रीटवर एका घरात चॅरिटेबल इन्फर्मरी काढली. इंग्लंड-आयर्लंडमधलं, वर्गणीवर चालणारं हे पहिलं इस्पितळ मानतात. मग जणू साथच आली. मेरी मर्सर या बाईने १७३४ मध्ये आपलं घर इस्पितळासाठी दिलं. ‘गलिव्हर’वाला लेखक आणि सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा प्रमुख पाद्री जोनाथन स्विफ्टने आपली बहुतेक पुंजी वेड्यांच्या इस्पितळासाठी ठेवली. एवढी गरज दुसऱ्या कुठल्याच देशाला नाही, असा चिमटाही त्याने स्वतःच आपल्या कवितेत काढून ठेवला होता. ते सेंट पॅट्रिक्स इस्पितळ १७५७ पासून आजवर चालू आहे.

त्या काळातला माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र बार्थोलोम्यू मॉस. गरीब बायका तळघरांत, ओल्या जमिनीवर बाळंत होताना पाहून या सुईण-डॉक्टरने १७४५ मध्ये एका बंद पडलेल्या नाटकगृहात बाळंतिणींचं इस्पितळ सुरू केलं. नवी इमारत बांधायला पैसे नव्हते, तर पठ्ठ्याने आधी बाग केली. तिकीट लावून श्रीमंतांना संध्याकाळी फिरायला, गाणं ऐकायला, कॉफी प्यायला बोलावलं आणि त्या पैशातून शेजारी इस्पितळ उभं केलं. लॉटऱ्या काढल्या, कर्जात बुडाला. लंडनहून परतताना होलीहेडला कर्जापायी त्याला पकडलं, तर खिडकीतून पळून वेल्सच्या डोंगरात लपला, असं सांगतात. १७५७ मध्ये नवी इमारत उघडली आणि दोनच वर्षांत तो गेला. ते रोटुंडा इस्पितळ. माझ्या ओळखीतल्या निम्म्या मराठी पोरांचा जन्म तिथला आहे. मॉसच्या वारसांनी करमणुकीसाठी बांधलेल्या दालनांपैकी एकात आज गेट थिएटर आहे.

दान आणि करमणूक यांची अशी सांगड हा त्या डब्लिनचा खास स्वभाव. हॅन्डेल या संगीतकाराच्या ‘मेसाया’ या गाजलेल्या धार्मिक संगीतरचनेचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी फिशॅम्बल स्ट्रीटच्या संगीतगृहात झाला, तोही धर्मादायच. गर्दी इतकी होणार होती, की बायकांनी घागऱ्याखालचे घेरदार सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात अशी विनंती छापावी लागली. सुमारे ७०० माणसं आली, ४०० पाउंड जमले. त्याचे तीन वाटे झाले: एक मर्सर इस्पितळाला, एक चॅरिटेबल इन्फर्मरीला आणि एक कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेल्यांना. त्यातून १४२ कैदी सुटले. आपल्या कॅथीड्रलचे गायक असल्या जलशात गाणार नाहीत, म्हणून स्विफ्टने आधी थयथयाट केला होता. त्याचं वय झालं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं; सोडून देऊ.

पण या देखण्या चित्राच्या कडेला कोण उभं आहे, ते पाहिलं की सूर थोडा बिघडतो. देणारे जवळजवळ सगळे प्रॉटेस्टंट जमीनदार, बिशप, व्यापारी. घेणारे बहुतेक कॅथलिक. आणि हे कॅथलिक गरीब का होते? कॅथलिक माणसाला जमीन विकत घेता येत नव्हती, दीर्घ मुदतीने खंडाने घेता येत नव्हती, संसदेत बसता येत नव्हतं, १७२८ नंतर मतही देता येत नव्हतं, म्हणून. कायद्याने हात बांधायचे आणि मग त्या हातावर नाणं ठेवायचं, असा हा व्यवहार. बऱ्याच इस्पितळांत आणि दवाखान्यांत प्रवेशासाठी वर्गणीदाराची चिठ्ठी लागायची. वर्षाला अमुक गिनी भरल्या की अमुक रोग्यांची शिफारस करण्याचा अधिकार मिळे. म्हणजे आधी ताप यायला हवा, मग चिठ्ठी देणारा साहेब ओळखीचा असायला हवा आणि तो घरी सापडायलाही हवा.

जेम्स स्ट्रीटवरच्या अनाथालयाला तर चिठ्ठीही लागत नव्हती. १७३० मध्ये तिथल्या फाटकाशी एक फिरती टोपली बसवली. बाळ टोपलीत ठेवायचं, घंटा वाजवायची, आतला माणूस टोपली फिरवून बाळ काढून घेई. आईचं तोंड कुणाला दिसत नसे. देशभरातून पाट्यांत भरून तान्ही मुलं इथे यायची आणि त्यातली बहुसंख्य मरायची. लेडी अरबेला डेनी या बाईने तिथे लक्ष घातलं, स्वतःचा पैसा ओतला आणि मुलांच्या खोलीत एक घड्याळ बसवलं. ते दर वीस मिनिटांनी टोल द्यायचं, चमच्याने पाजायच्या बाळांना दायांनी विसरू नये म्हणून. या घड्याळाबद्दल वाचलं तेव्हा मला त्या बाईविषयी अपार माया वाटली. याच अरबेलाबाईंनी १७६७ मध्ये लीसन स्ट्रीटवर ‘वाट चुकलेल्या’ मुलींसाठी मॅग्डलेन आश्रम काढला. आयर्लंडमधला पहिला. त्या नावाची पुढे काय शोभा झाली, ते सांगायचंच आहे.

१८३८ मध्ये गरिबांचा कायदा आला. देशाचे १३० विभाग पाडले, प्रत्येकात एक वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न-निवारा देणारं घर. जॉर्ज विल्किन्सन नावाच्या एकाच वास्तुविशारदाने त्यांचे नकाशे केले, त्यामुळे आजही आयर्लंडभर फिरताना ते करडे, सरळसोट सांगाडे लगेच ओळखू येतात. आत गेलं की नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुलं तिसऱ्या बाजूला. अन्न मिळेल, पण बाहेर सगळ्यात वाईट मजुरी करणाऱ्यालाही इथे यावंसं वाटू नये अशी सगळी योजना. ती अपघाताने झालेली नव्हती, कायदा करणाऱ्यांनी ती विचारपूर्वक केली होती.

आणि सात वर्षांत बटाट्यावर करपा पडला. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, तेवढीच जहाजांत बसून गेली. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांवर असलेली वस्ती १८५१ मध्ये ६५ लाखांच्या आसपास आली. डब्लिनमध्ये या विषयावर बोलताना आवाज नकळत खाली येतात. आपल्याकडेही दुष्काळाच्या आठवणी आहेत, पण एका अख्ख्या देशाची लोकसंख्या आजही १८४१ च्या आकड्यापर्यंत पोचलेली नाही, हे पचवायला मला वेळ लागला.

या काळात मदत आली कशी, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. सगळ्यात आधी हात पुढे करणाऱ्यांत कलकत्ता होतं. १८४६ च्या सुरुवातीलाच तिथे निधी उभा राहिला. कंपनीच्या फौजेतले आयरिश शिपाई, इंग्रज अधिकारी आणि धनिक भारतीय, सगळ्यांनी वर्गणी दिली आणि सुमारे १४,००० पाउंड आयर्लंडला पोचले. क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये समिती नेमली, पश्चिमेच्या किनाऱ्यावर स्वतः फिरून पाहणी केली, सुपाच्या कढया पाठवल्या आणि त्याबदल्यात कुणाचा धर्म विचारला नाही. काही प्रॉटेस्टंट मिशनरी मात्र सुपाच्या वाटीबरोबर बायबलचा वर्गही पुढे सरकवायचे. ज्यांनी भुकेपोटी ते मान्य केलं त्यांच्या नातवंडा-पतवंडांनाही गावाने ‘सूप घेतलेले’ म्हणून हिणवलं. वाटीभर सुपाचा डाग शंभर वर्षं निघाला नाही.

सरकारनेही सूप वाटलं, हे सांगायला हवं. १८४७ च्या जुलैमध्ये रोज तीस लाखांच्या आसपास माणसं सरकारी कढईतून जेवत होती. यंत्रणा चालत होती, माणसं जगत होती. तरी शरद ऋतूत ती बंद केली आणि सगळा भार पुन्हा वर्कहाउसवर टाकला. त्याच वर्षी कायद्यात ग्रेगरी नावाच्या खासदाराने एक कलम घातलं, की पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्याकडे असेल त्याला मदत नाही. म्हणजे पोरांना जगवायचं असेल तर आधी जमिनीचा तुकडा सोडून द्या. हजारोंनी सोडला, आणि जमीनदारांना शेतं आपोआप रिकामी करून मिळाली. खजिन्याच्या किल्ल्या चार्ल्स ट्रेव्हेलियनच्या हातात होत्या. हाच गृहस्थ पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. फुकट दिलं की माणसं आळशी होतात यावर त्याची नितांत श्रद्धा होती. १८४९ मध्ये सरकारी गोटातून क्वेकरांना पुन्हा काम सुरू करण्याविषयी विचारणा झाली, तेव्हा त्यांनी नकार दिला. हे दुखणं खाजगी दानाच्या आवाक्यातलं उरलेलं नाही, ते सरकारनेच करायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आयुष्य दानधर्मात घालवलेल्या माणसांनी हे सांगावं, याला मी त्या सगळ्या काळातलं सर्वांत प्रामाणिक विधान मानते.

आणि चॉक्टॉ. अमेरिकेतली ही आदिवासी जमात. १८३१ पासून त्यांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून शेकडो मैल चालवत नेलं होतं, वाटेत हजारो मेले. १८४७ मध्ये त्यांनी आयर्लंडसाठी १७० डॉलर जमवून पाठवले. कॉर्कजवळच्या मिडल्टन गावात आता त्याची आठवण म्हणून पोलादाची नऊ उंच पिसं वर्तुळात उभी आहेत. २०२० मध्ये कोरोनाने अमेरिकेतल्याच नवाहो आणि होपी आदिवासींच्या वस्त्यांना घेरलं तेव्हा आयर्लंडमधून तिकडे पैशांचा ओघ लागला. माझ्या ऑफिसात दानाबद्दल एरवी चकार शब्द न काढणाऱ्या सहकाऱ्यांनी आपण दिल्याचं अभिमानाने सांगितलं.

एकोणिसाव्या शतकात कॅथलिकांवरचे निर्बंध सुटत गेले आणि त्यांचा दानधर्म उघड्यावर आला, तो मुख्यतः बायकांच्या हातून. मेरी एकनहेड ही कॉर्कची. १८१५ मध्ये तिने सिस्टर्स ऑफ चॅरिटी हा संघ काढला. १८३२ च्या कॉलऱ्यात तिच्या सिस्टर्स डब्लिनच्या झोपड्यांतून फिरल्या आणि १८३४ मध्ये सेंट स्टीफन्स ग्रीनवरच्या एका उमरावाच्या हवेलीत तिने सेंट व्हिन्सेंट इस्पितळ उघडलं. त्याआधी आपल्या तीन नन तिने पॅरिसला पाठवल्या, इस्पितळ कसं चालवतात ते शिकायला. बायकांनी स्थापलेलं आणि बायकांनीच चालवलेलं, कुठल्याही पंथाच्या रोग्याला खुलं. ती स्वतः तोवर पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. सगळा कारभार पत्रं लिहून चालवला.

कॅथरीन मॅकॉलीची गोष्ट आणखी न्यारी. एका प्रॉटेस्टंट दांपत्याने तिला मुलीसारखं सांभाळलं आणि मरताना सुमारे २५,००० पाउंडांची इस्टेट तिच्या नावे केली. या पैशातून तिने १८२७ मध्ये बॅगट स्ट्रीटवर, मुद्दाम श्रीमंतांच्या वस्तीत, नोकरीच्या शोधात शहरात येणाऱ्या मुलींसाठी घर बांधलं. शेजाऱ्यांना ते पसंत पडलं नाही, हे वेगळं सांगायला नको. तिला नन व्हायचंच नव्हतं. पण बायकांनी असं मोकळेपणाने काम करणं चर्चमधल्या काहींच्या डोळ्यांत खुपू लागलं, तेव्हा काम वाचवण्यासाठी तिने पन्नाशी उलटल्यावर दीक्षा घेतली आणि १८३१ मध्ये सिस्टर्स ऑफ मर्सी हा संघ उभा राहिला. त्यांना लोक ‘चालत्या नन’ म्हणायचे, कारण त्या मठात कोंडून न घेता रस्त्यावर दिसायच्या. क्रिमियाच्या युद्धात त्या शुश्रूषेला गेल्या आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलशी त्यांचं अजिबात पटलं नाही. १८६१ मध्ये त्यांनी मेटर इस्पितळ उघडलं. युरो येण्याआधीच्या पाच पाउंडांच्या नोटेवर कॅथरीन होती, मागे मेटरची इमारत.

माझ्या शेजारच्या बाई नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या लहानपणी घरात कुणी आजारी पडलं की ‘लाल तिकीट’ आणायला धाकट्याला पिटाळायचे. १८५१ च्या कायद्याने सरकारी दवाखाने सुरू झाले होते. काळं तिकीट म्हणजे दवाखान्यात जा, लाल म्हणजे डॉक्टर घरी येईल. तिकीट देणार समितीचा सदस्य किंवा गावातला नेमलेला माणूस. ‘तो दुकानदार असायचा,’ बाई म्हणाल्या. ‘आईकडे बघायचा, मग दुकानातल्या उधारीच्या वहीकडे बघायचा, मग तिकीट फाडायचा.’ ही पद्धत १९७२ पर्यंत चालली. मागे एकदा मनगट मोडून मी इथल्या एका इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेले, तर खिडकीतला पहिला प्रश्न: तुमच्या डॉक्टरची चिठ्ठी आहे का? चिठ्ठी असेल तर फुकट, नसेल तर १०० युरो. अख्खी रात्र खुर्चीवर बसून माझ्या डोक्यात त्या दुकानदाराची वही फिरत होती. पहाटे कोट्टयमच्या एका नर्सने येऊन हात बांधला आणि ‘चाय पिओगे?’ असं हिंदीत विचारलं. वॉर्डांतल्या नन केव्हाच गेल्या. आज ही इस्पितळं केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मुलींवर उभी आहेत.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या देशाच्या तिजोरीत खडखडाट होता. इस्पितळं कर्जात. मग १९३० मध्ये कायदा करून जे काढलं, ते मॉसच्या लॉटरीचंच अवाढव्य रूप: आयरिश हॉस्पिटल्स स्वीपस्टेक. घोड्यांच्या शर्यतीवर लावलेली सोडत. तिकीट दहा शिलिंग. गणवेशातल्या नर्स भल्यामोठ्या पिंपातून चिठ्ठ्या काढायच्या, त्याचे फोटो जगभर छापून यायचे. मिरवणुका, वेशभूषा, बँड! ब्रिटन आणि अमेरिकेत ही तिकिटं बेकायदा होती, तरी जहाजांच्या तळघरांतून, पाद्र्यांच्या आणि बारमालकांच्या हस्ते लाखोंनी खपायची. सगळ्यात जास्त गबर झाले ते चालक. त्यांतला एक, जोसेफ मॅग्रा, माजी मंत्री होता. सरकारने आपला कर कापून घेतला. उरलेल्यातून देशभर इस्पितळं उभी राहिली, हेही खरंच. १९८७ मध्ये सगळा गाशा गुंडाळला, तेव्हा आयुष्यभर तिकिटं लखोट्यात भरणाऱ्या बायका धड पेन्शनशिवाय घरी गेल्या. धर्मादाय कामगारांना धर्मादाय तेवढं मिळालं नाही.

ज्यांना हा सगळा मामला बदलायचा होता, त्यांचं काय झालं? कॅथलीन लिन ही मेयो परगण्यातल्या प्रॉटेस्टंट पाद्र्याची मुलगी, डॉक्टर. १९१६ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात ती बंडखोरांची वैद्यकीय अधिकारी होती. १९१९ मध्ये तिने आणि मॅडलिन फ्रेंच-मलन या तिच्या सोबतिणीने शार्लमाँ स्ट्रीटवर तान्ह्या बाळांसाठी सेंट अल्टन्स इस्पितळ काढलं. सगळ्या डॉक्टर बायका. १९३७ मध्ये डोरोथी स्टॉपफर्ड प्राइसने इथेच क्षयाची बीसीजी लस टोचायला सुरुवात केली. हे इस्पितळ दुसऱ्या एका बालरुग्णालयात विलीन करून मोठं करायचं घाटत होतं, तर आर्चबिशपने खोडा घातला: कॅथलिक मुलं प्रॉटेस्टंट डॉक्टरांच्या हाती कशी द्यायची?

नोएल ब्राउनचं तर थेट मंत्रिपद गेलं. त्याचे आईबाप क्षयाने गेले होते, त्यालाही क्षय होऊन गेला होता. १९४८ मध्ये आरोग्यमंत्री झाल्यावर स्वीपस्टेकचा साठवलेला पैसा बाहेर काढून त्याने क्षयाच्या खाटा झपाट्याने वाढवल्या. मग त्याने मांडलं, की सोळा वर्षांपर्यंतची सगळी मुलं आणि त्यांच्या आया यांना उपचार मोफत, उत्पन्नाची चौकशी न करता. चौकशी न करता, हेच झोंबलं. डॉक्टरांना धंद्याची चिंता, आणि आर्चबिशप मॅक्वेड व बाकीच्या बिशपांना धास्ती ही, की सरकारी डॉक्टर आयांना गर्भधारणेविषयी नको ते सांगतील. पंतप्रधान कॉस्टेलोने बिशपांपुढे मान तुकवली. एप्रिल १९५१ मध्ये ब्राउनने राजीनामा दिला आणि सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला. सरकार आणि चर्च यांच्यातली ती पत्रं लोकांनी सकाळच्या चहाबरोबर वाचली.

आता लीसन स्ट्रीटच्या त्या आश्रमाचं. अरबेलाबाईंच्या नावाखाली सुरू झालेली कल्पना पुढे कॅथलिक संघांनी उचलली आणि तिच्या धोबीघाट-कोठड्या झाल्या. १९२२ पासून सुमारे दहा हजार मुली-बायका मॅग्डलेन लॉन्ड्रीजमध्ये गेल्या, विनावेतन कपडे धूत राहिल्या. त्यांत सरकारी खात्यांचेही कपडे असत. शेवटची लॉन्ड्री १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे मी तेव्हा शाळेत होते. २०१३ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. गॉलवे परगण्यातल्या ट्यूम गावी लग्नाविना आई झालेल्या मुलींसाठीचं एक घर बॉन सेकूर संघाच्या नन चालवत. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासणाऱ्या बाईने चिकाटीने दाखले जमवले आणि तिथे मेलेल्या ७९६ मुलांची यादी केली. दफनाची नोंद जवळजवळ नाहीच. सांडपाण्याशी संबंधित भूमिगत कप्प्यांत मानवी अवशेष सापडले. उत्खनन २०२५ मध्ये सुरू झालं. यावर मी जास्त लिहू शकत नाही. त्या नन मुळात दुष्ट नव्हत्या किंवा होत्या, या वादात मला रस नाही. हिशेब विचारणारं कुणीच नव्हतं, कारण घेणाऱ्याने हिशेब विचारायचा नसतो.

२०१२ मध्ये गॉलवेच्या सरकारी इस्पितळात बेळगावची सविता हलप्पनवार गेली. गर्भ वाचणार नव्हता, तरी त्याचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला होता. ‘हा कॅथलिक देश आहे’ असं आपण बोललो, हे तिथल्या सुईणीने नंतरच्या चौकशीत कबूल केलं. ते इस्पितळ ननचं नव्हतं. पण बिशपांचा नियम तोवर इस्पितळांतून राज्यघटनेत जाऊन बसला होता. २०१८ च्या सार्वमतात लोकांनी तो काढला. डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र होतं, त्यावर लोकांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचायला मी गेले होते. काही मराठीतही होत्या.

त्यानंतरचा वाद मालकीचा. राष्ट्रीय प्रसूती रुग्णालय सेंट व्हिन्सेंटच्या आवारात हलवायचं ठरलं. आणि ती जमीन सिस्टर्स ऑफ चॅरिटीची. करदात्यांच्या पैशाने बांधलेलं बाळंतपणाचं इस्पितळ ननच्या मालकीचं कसं? मोर्चे निघाले. संघाने अंग काढून घ्यायचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये मालकी एका धर्मादाय कंपनीकडे दिली. सरकारने जमीन २९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली, भाडं वर्षाला दहा युरो. तिकडे जेम्स स्ट्रीटजवळ, जिथे अनाथालयाची टोपली फिरायची आणि नंतर वर्कहाउस होतं, त्या आवारात आता राष्ट्रीय बालरुग्णालय बांधलं आहे. त्याचा खर्च दोन अब्ज युरोंच्या वर गेला. ते पूर्णपणे सरकारी पैशाचं आहे आणि लोक त्यालाही रोज शिव्या घालतात. मला त्या शिव्या ऐकायला बऱ्या वाटतात. दात्याला कुणी अशा शिव्या घालत नाही.

शेजारच्या बाई त्या पट्ट्याच्या व्यवहारावर अजून चिडलेल्या आहेत, पण माझ्या उलट बाजूने. २०१८ ला त्यांनी घटना बदलायच्या बाजूने मत दिलं, बिशपांचं नाव काढलं तरी त्यांचा पारा चढतो; तरी ननची जमीन अशी काढून घेणं त्यांना पटत नाही. मी म्हटलं, गेली कितीतरी वर्षं तिथले पगार आम्ही कर भरणारे देतो. त्या म्हणाल्या, ‘त्याआधीची शंभर वर्षं कुणी दिले, तेही मोज. आणि माझ्या आईला तिकीट न मागता आत कुणी घेतलं, तेही.’